थोरल्याम्होरं विडी

आमचे हे विडी वढत्यात ह्येचा मला राग न्हाई. वढा म्हनलं, छाती तुमची, खोकला तुमचा, तुमी आन् तुमचा डाक्टर बघून घ्या. पर विडी वढायला जागा हुडकत मानसानं परक्या देशातला आख्खा एअरपोर्ट पालथा घालावा, आन् बायकोनं पिशव्या वढत त्येच्या मागं फिरावं, ह्येला काय म्हनायचं? माझ्या पायाचं पार तुकडं पडलं. आजून घोटं सुजल्यात.

मी झुंबरबाई. आमी नवलाख उंबरे गावचे. ह्यांचं नाव एकदाच घेते, म्हंजी तुमाला कळंल. रखमाजी. देहूरोडच्या डेपोत नोकरी झाली, आता पेन्शन खात्यात आन् विडी वढत्यात. ह्यांचे थोरले भाऊ बजरंग, त्येंना सगळं घर आबा म्हनतं, हे तेवढे दादा म्हनायचे. हे डेपोत, आबा शेतावर, असा आमचा संसार चालला. आबांची बायको कवाच गेली, मूलबाळ न्हाई. आमचा ओंकार बापाला तात्या म्हनतो, पर मोटा झाला आबांच्याच खांद्यावर बसून.

आन् हे दोघं सख्खे भाऊ आठ वरसं एकमेकांशी बोलत न्हाईत. अंगन एक, नळ एक, उंबरे दोन.

कारन काय, तर बैल. शर्यतीचा बैल होता आमचा, पाखऱ्या. ह्यांचा त्येच्यावर माझ्यापरीस जास्त जीव. डेपोतनं आले की च्या घ्यायच्या आदी गोठ्यात जायाचे. मंग कोर्टानं शर्यती बंद केल्या. बैल दाव्याला नुसता उभा, आन् खुराक चालू शर्यतीचा. एक दिवस हे ड्यूटीवर गेले आन् आबांनी पाखऱ्या बेडसे गावच्या एका मानसाला इकून टाकला. ह्यांना इचारलं न्हाई, पुसलं न्हाई. संध्याकाळी हे आले, रिकामं दावं बघितलं, आन् तितनं पुढं तोंडाला कुलूप. मला म्हनले, ‘मला भाऊ न्हाई. माझा भाऊ मेला.’ मेलेला भाऊ पलीकडं कडब्याची कुट्टी करत होता, त्येनं बी ऐकलं.

आता मधी अडकले मी. कसं म्हंजी, आमच्यात थोरल्या दिराशी बाई तोंडानं बोलत न्हाई. डोक्यावर पदर, नजर खाली, काय सांगायचं आसंल तर लेकराला सांगायचं, न्हाईतर भिंतीला. ‘आबांना म्हनावं, ताट वाढलंय.’ भिंत काय जेवायला उठत न्हाई, आबा उठत्यात. लगीन होऊन आल्यापासनं माझं असंच. म्हंजी बघा, हे आबांशी बोलत न्हाईत, मी आबांशी बोलत न्हाई, आन् आबा बोलत्यात हवंशी. ‘थंडी पडलीया, कोनीतरी कानाला गुंडाळावं.’ ते ह्यांच्यासाठी. मंग मी ह्यांना मफलर द्यायचा. हे म्हननार, ‘मला काय थंडी वाजत न्हाई.’ मंग मी ते भिंतीला सांगायचं. येडी व्हायची पाळी!

ओंकार आमच्याच गावच्या कंपनीत लागला आन् कंपनीनं त्येला जर्मनीला धाडला. तितं त्येला लेक झाली. दोन महिने झाले तरी लेकरू बिननावाचं. सून सारिका आपली तिला छकुली म्हनती. मी फोनवर इचारलं, ‘आरं, बारसं कवा?’ तर म्हनला, ‘आई, तिघांची तिकिटं काढलीत. पर आबा आन् तात्या बोलत येनार आसतील तरच बारसं करनार. माझ्या लेकीच्या पाळण्याभवती दोन मुकी म्हातारी बसल्याली मला नकोत.’

‘आरं लेका, मला काय दम देतोस? त्येंना सांग.’

‘सांगितलंय. दोघंबी म्हनाले, बघू.’

बघू! ह्या घरातल्या ‘बघू’ला मी चांगली वळखते. बघू म्हंजी न्हाई. आन् ओंकार माझ्यावर गेलाय, एकदा बोलला म्हंजी बोलला. माझ्या जिवाला घोर लागला. नात मांडीवर घिऊन तिच्या कानात नाव सांगावं, एवढं एकच मागनं होतं माझं, आन् ते अडकलं ह्या दोन हट्टी मानसांत.

निघालो. गावातल्या सुरजची जीप होती मुंबईपातूर. म्होरं आबा, मागं आमी. लोनावळ्याला च्याला थांबलो. आबांनी हाटेलाच्या बाकड्यावर बसून च्या सांगितला आन् मजेत विडी पेटवली. च्या आला तर हे गायब! सुरज हार्न वाजवून दमला. मी हुडकत गेले, तर चिक्कीच्या दुकानामागं, कचऱ्याच्या डब्यापाशी, भिंतीला चिकटून हे विडी वढत उभे.

ही आमच्यातली रीत. थोरल्याम्होरं विडी वढायची न्हाई. बापाम्होरं न्हाई, चुलत्याम्होरं न्हाई, थोरल्या भावाम्होरं न्हाई. मग तुमचं वय पासष्ट आसू द्या न्हाईतर तुमाला नातू आसू द्यात. थोरला मातर खुशाल धूर काढनार, त्येला कोन बोलनार? ह्यांची सवयच ती, म्हनून मी तवा काय ध्यानात घेतलं न्हाई. म्हनलं, ‘आवो, चला! विमान काय आपल्या पावन्यांचं हाय थांबायला?’

मुंबईला पोलिसानं ह्यांच्या अंगावरनं तीन काडीपेट्या काढल्या. एक कोपरीच्या खिशातली, एक इजारीतली, आन् एक पायमोज्यातली. पायमोज्यातली निघाली तवा मागची सगळी रांग हसली. विडीबंडल ठिवा म्हनला, काड्या न्हाई. हे त्येच्याशी हुज्जत घालत होते, ‘साहेब, इस्तवाबिगर विडी काय चघळू का?’ मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

विमानात खिडकीला आबा, कडंला हे, मधी मी. विमान उतरंपातूर दोघांच्या मधी भिंत होऊन बसले.

मधी आखातातल्या एका एअरपोर्टात विमान बदलायचं होतं. पाच तास बसायचं म्हनं. फरशी अशी चकाचक की पाय टाकायची भीती वाटावी. आबांचं बरं होतं. उतरल्या उतरल्या त्येंनी एका पंजाबी बाप्याला गाठलं, दोन बोटं तोंडाला लावून दाखवली. बाप्यानं आबांच्या खांद्यावर हात टाकला आन् चालला घिऊन. जाताना आबा हवंला म्हनाले, ‘त्या कोपऱ्यात खोली हाय म्हनं, इस्तू बी हाय. ज्येला वढायची आसंल त्येनं यावं.’

ह्यांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. पर पाय सारखा हालत होता. मुंबईपासनं एक विडी न्हवती पोटात. थोड्या टायमानं म्हनले, ‘जरा पाय मोकळे करून येतो.’

‘मी बी येते. हरवलात तर मी कुटं हुडकू?’

खोली सापडली. चारी बाजूनं काच, आतली मानसं दुकानातल्या बरनीतल्या गोळ्यांसारखी भायेरनं दिसत होती. मधोमध आबा बसलेले. हे दारापातूर गेले, आत बघितलं आन् मागं फिरले.

‘काय झालं?’

‘लय गर्दी हाय.’

‘आवो, सा मानसं हायत आत!’

‘धूर लय हाय.’

‘मंग विडीच्या खोलीत काय उदबत्तीचा वास येनार?’

हे वळलेच. पाटीवर विडीचं चित्र आन् बान काढलेला होता, त्येच्या मागनं निघाले. सरकता जिना आला. माझ्या लुगड्याचा काठ त्येच्यात अडकतो का काय म्हनून मी जीव मुठीत धरून उभी, आन् हे आपले बान बघत म्होरं. वर गेलो तर तितल्या खोलीला पिवळी पट्टी लावल्याली, आत मिस्तरी काम करतोय. बरं म्हनलं, झालं, बसू. छ्या! बसतील तर ते हे कसले? कोनीतरी हातानं दाखवलं म्हनून आगगाडीत बसलो. व्हय, एअरपोर्टाच्या पोटात आगगाडी! उतरलो तर म्होरं सगळी सोन्याची न् अत्तराची दुकानं. अत्तरवाल्या पोरीनं माझ्या मनगटावर फुसकन कायतरी मारलं. विडीची खोली न्हाईच. परत आगगाडी, परत जिना. एका दाराच्या फटीतनं भायेरचं ऊन दिसलं तर हे ते दार ढकलाया लागले. बंदूकवाला शिपाई धावत आला. मी त्येला हात जोडले, म्हनलं, ‘साब, जाने दो, इनका डोस्का ठिकाने पे नहीं.’ त्येला हिंदी आलं का न्हाई देवाला ठाऊक, पर माझं तोंड बघून त्येनं सोडलं.

मंग हे संडासात शिरले. दोन मिनिटांत एक नेपाळी झाडूवाला ह्यांच्या दंडाला धरून भायेर घिऊन आला. ‘माताजी, बाबूजी को समझाओ. इधर अलारम बजता है, जुर्माना लगता है.’

‘काडीच न्हाई तर बजनार काय?’ हे म्हनले. ‘मी नुसती तोंडात धरलीती.’

‘वो शीशेवाला कमरा है ना? बस वही है. और कहीं नहीं.’

म्हंजी फिरून पुन्हा काचेच्या खोलीम्होरं. आत आबा तितंच. पंजाबी बाप्या गेलता, दुसरी मानसं आलती, आबा आपले एकावर एक पेटवत दुसऱ्या कुनाशी हातवारे करत होते. माझ्या खांद्याला पिशव्यांचे वळ उठले होते. आत सारिकासाठी डिंकाचे लाडू, छकुलीची झबली, कुंची. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

‘जावा आत.’

‘नगं.’

‘का नगं?’

‘आत त्यो बसलाय.’

‘कोन त्यो?’

‘त्यो.’

‘आवो, तुमीच म्हनता ना, त्यो मला मेला म्हनून?’

‘व्हय. मेलाच.’

‘मंग मेलेल्याला कशाला लाजता? जावा की, पेटवा त्येच्या नाकाम्होरं! त्येनं तुमचा बैल इकला, तुमी त्येच्या तोंडावर धूर सोडा, होऊ द्या फिटंफाट! आठ वरसं बोलत न्हाई म्हनायचं, मेला म्हनायचं, आन् त्येच्याम्होरं विडी पेटवायची म्हनली की दारातनं मागं फिरायचं. भाऊ हाय का न्हाई ते एकदा ठरवा, आन् मला सोडवा ह्यातनं!’

आजूबाजूची मानसं बघाया लागली. बघू द्यात, त्येंना कुटं मराठी कळतंय. ह्यांचं तोंड पडलं.  वळले आन् ताडताड निघून गेले. मी बी मागं गेले न्हाई. म्हनलं, जावा, फिरा, भूक लागली की याल.

तितंच माझं चुकलं. थोड्या टायमानं पाटीवर आमच्या विमानाच्या नंबराम्होरं तांबडं पेटलं. लोकं पिशव्या उचलून पळाया लागली. हे न्हाईत. मी फोन लावला तर फोन माझ्याच पिशवीत वाजला. पासपोर्ट बी माझ्याच पिशवीत. आता मातर माझ्या तोंडचं पानी पळालं. विमान गेलं तर? छकुली तितं पाळण्यात, ओंकार एअरपोर्टावर उभा, आन् मी हितं ह्या चकाचक फरशीवर मरायची! रडू आलं. आन् रडता रडता शिव्या बी आल्या.

सांगायचं कुनाला? काचेच्या खोलीत आबा होते. मी दार ढकललं. आत धुरानं डोळं चुरचुरलं, सगळे बापे माझ्याकडं बघाया लागले. मी पदर नाकापातूर वढला, आन् सवयीनं भिंतीकडं तोंड केलं. भिंतीला विडी पेटवायची पेटी बसवल्याली होती, तिलाच म्हनलं, ‘आबांना म्हनावं, हे सापडंनात.’ वर धूर वढायचा पंखा घरघरत होता. आबांना काय ऐकू गेलं न्हाई. पुन्हा म्हनलं. पुन्हा न्हाई.

मंग माझं डोस्कं फिरलं. खड्ड्यात गेली ती भिंत! पदर मागं टाकला, सरळ आबांच्या म्होरं उभी ऱ्हायले आन् वरडले, ‘आबा! उठा! विमान निघालंय, आन् तुमचा भाऊ हरवलाय!’

आबांच्या हातातली विडी खाली पडली. ‘तू... मला म्हनलीस?’

‘न्हाई, पंख्याला म्हनले! उठा म्हनते ना!’

‘आगं, पर गेला कुटं?’

‘मला ठाऊक आसतं तर ह्या धुरात मरायला आले आसते का? विडी वढायला जागा हुडकत गेल्यात.’

‘जागा तर हितं हाय की.’

‘हितं तुमी हाय.’

आबा उठता उठता थांबले. माझ्याकडं बघत ऱ्हायले. मी त्येंचं तोंड असं समोरनं कवा बघितलंच न्हवतं. किती म्हातारे झालेत, डोळ्यात पडदा आलाय, हे मला त्या खोलीत कळलं.

‘म्हंजी आजून?’ म्हनाले. ‘आजून माझ्याम्होरं वढत न्हाई त्यो?’

‘कवा वढली? तुमीच सांगा.’

‘आगं, मी अंगनात आलो की त्यो उठतो, आन् पाठ फिरवून निघून जातो. आठ वरसं बघतोय. मला वाटलं, माझं तोंड बघायला नको म्हनून जातोय.’

‘तोंड बघायला नको ते आसंलच. पर उठत्यात तवा त्येंच्या मुठीत विडी बी आसती, आबा. मुठीत धरून पळत्यात. हाताला फोड आलाय कितीदा, मी तेल लावलंय.’

आबा उठले. टोपी नीट केली आन् दार ढकलून भायेर आले. मला वाटलं, आता इकडं तिकडं धावतील. त्येंनी काय करावं? भर एअरपोर्टात मधोमध उभं राहून मोठ्यांदा खाकरले.

आता हे तुमाला सांगितलं पायजे. आमच्यात थोरला मानूस अंगनात, गोठ्यात शिरायच्या आदी खाकरतो. कुनी धाकटा विडी वढत बसला आसंल तर त्येनं इझवावी म्हनून. त्येनं बघितलं न्हाई, ह्यानं वढली न्हाई, दोघांची अब्रू ऱ्हाती. आबा जल्मभर असे खाकरत आले. पाखऱ्याच्या भांडनानंतर मातर त्येंनी खाकरनं सोडलं. मुकाट येऊन उभे ऱ्हायचे. म्हनून तर ह्यांची धांदल उडायची, झटक्यात उठून पाठ फिरवायचे, आन् आबांना वाटायचं, रागानं गेला. आन् मी दोघांच्या मधी बसून भाकरी थापत होते, मला बी हे कवा सुचलं न्हाई.

आबा चालत सुटले. दुकानाच्या तोंडाशी खाकरले, संडासाच्या दाराशी खाकरले, जिन्याखाली खाकरले. मानसं लांब व्हायला लागली, एका गोऱ्या बाईनं तोंडाला रुमाल लावला. मी मागनं पिशव्या घिऊन पळत होते. वर भोंग्यात आमची नावं पुकारत होते, ‘बजरंग, रखमाजी, झुंबरबाय’, तेबी असं मोडून तोडून की मलाच माझं नाव वळखंना.

एका लांबच्या कोपऱ्यात थंडाची बाटली देनाऱ्या दोन मशिनी होत्या. आबा तितं जाऊन खाकरले. आन् दोन मशिनींच्या फटीतनं हे भायेर आले. मान खाली, उजवा हात पाठीमागं. मी मागनं जाऊन बघितलं, तर मुठीत विडी. पेटवल्याली बी न्हवती! पेटवनार कशानं? नुसती तोंडात धरून त्या फटीत बसले होते, आन् खाकरनं ऐकल्याबरूबर लपवली.

‘चल,’ आबा म्हनाले. ‘विमान निघालंय.’

ह्यांनी वर बघितलं. आबांनी सरळ त्येंना म्हनलं होतं, हवंला न्हाई. मी म्हनलं, पांडुरंगा, आता पळा. पर हे जागचे हालंनात.

‘इचारायचं तरी होतंस, दादा,’ हे म्हनले.  ‘पाखऱ्याला इकायच्या आदी एकदा मला इचारायचं तरी.’

‘आत्ता?’ मी कपाळावर हात मारला. ‘आठ वरसं अंगनात बसला होतात, तवा दातखीळ बसलीती का? आवो, ते आपली नावं पुकारत्यात!’

माझ्याकडं कोन बघतंय!

‘इचारलं आसतं तर तू नको म्हनला आसतास,’ आबा म्हनाले. ‘आन् तू नको म्हनल्यावर मी त्येला इकू शकलो नसतो. शर्यत बंद, पळायला न्हाई, त्यो दाव्याला झुरून मेला आसता रखमा. त्या बेडशाच्या मानसाचा मळा मोटा हाय. मोकळा सोडतो त्येला. मी जाऊन बघून येतो ना.’

‘तू जातोस?’

‘मंग. बाजारच्या दिवशी.’

‘मी आमुशाला जातो.’

‘तू बी जातोस?’

‘गूळ घिऊन.’

घ्या! दोघंबी बेडशाला जात होते, एकाच बैलाला बघायला, येगळ्या येगळ्या दिवशी, चोरून! आन् मी घरात भिंतीशी बोलत होते. मला हसावं का रडावं का दोघांच्या टाळक्यात पिशवी घालावी, काय समजंना. तवर आबांनी ह्यांच्या डोक्यावर हात ठिवला, हे लहान लेकरागत रडाया लागले. आबा बी रडाया लागले. मी दोघांचे दंड धरले आन् वढत निघाले.

दारापाशी पोचलो तर दार बंद. काचेतनं विमान दिसत होतं, हळूहळू मागं सरकत होतं. मी त्या पोरीच्या पाया पडायची बाकी ऱ्हायले, पर ती मान हालवत ऱ्हायली. लय गोड हसली, आन् न्हाई म्हनली. मंग एका टेबलावर गेलो, तितल्या हिंदी बोलनाऱ्या बाईनं आमाला उद्याच्या विमानात बसवलं. हे दोघं भाऊ तवा काय करत होते? माझ्या मागं उभं राहून, पाखऱ्याचं डावं शिंग कवा मोडलं, ह्येच्यावर वाद घालत होते. आठ वरसांचं तुंबल्यालं, बंदच होईना. मी वळून म्हनलं, ‘अर्धा तास आदी का न्हाई बोललात? न्हाईतर विमानात बसून बोलला आसता तर कुनी तिकीट जास्तीचं घेतलं नसतं!’ दोघंबी गप झाले. मंग बारीक आवाजात पुन्हा चालू.

त्या काचेच्या खोलीपाशीच बाकडं मोकळं होतं, तितं मी पिशव्या टाकल्या. पाय वर घेतले. आबांनी ह्यांच्याकडं बघितलं.

‘जा, वढ जा,’ म्हनाले. ‘भिंतीला पेटी हाय, बटन दाबलं की लाल होती.’

हे घुटमळले. मंग आबा बाकड्यावर वळून बसले, खोलीकडं पाठ करून. हे आत गेले.

एवढ्यात ओंकारचा फोन वाजला. ‘आई, बसलात का विमानात?’

‘न्हाई. विमान गेलं.’

‘गेलं? आगं, काय बोलतीस!’

‘तुझा बाप हरवला. आबांनी हुडकला. मंग दोघं बोलत उभे ऱ्हायले, आन् विमान गेलं.’

 मंग पोरगं म्हनलं, ‘आई, उगी काय बी सांगू नको. बारसं व्हावं म्हनून सांगतीस तू. मला म्हाईत हाय.’

‘आरं, खोटं कशाला सांगू?’

‘मंग तात्यांना फोन दे.’

‘तुझा तात्या आत विडी वढतोय.’

‘आन् आबा?’

‘आबा भायेर बसल्यात. त्येच्याकडं पाठ करून.’

 मला वाटलं फोन कटला. कानाला घट्ट लावला तर लांबनं छकुली कुरकुरताना ऐकू आली, आन् मंग ओंकारचा आवाज, सर्दी झाल्यासारखा.

‘उद्या या,’ म्हनला. ‘मी पाळना सजवून ठिवतो.’